संसाराचें अर्थशास्त्र : चतुर कारभारी कीं सरळ सरासरी?

मुलें मिळवूं लागलीं म्हणजे पहिल्या पगारापासूनच कांहीं रक्कम बाजूस टाकावी, ही शिकवण आपल्या घरांत जुनीच आहे. पूर्वीं ती रक्कम पोस्टांत, बँकेंत किंवा विम्यांत जात असे; आतां ती म्युच्युअल फंडांतहि जाते. परंतु तेथें पाऊल टाकतांच प्रश्न उभा राहतो. जाणता व्यवस्थापक ज्यांतील शेअर निवडतो असा फंड घ्यावा, कीं निफ्टी वा सेन्सेक्स यांचें निमूटपणें अनुकरण करणारा इंडेक्स फंड घ्यावा? सुशिक्षित घरांचा कल बहुधा पहिल्याकडे असतो. पैसा सोपवावयाचाच, तर तो विद्वानाच्या हातीं सोपवावा, ही त्यामागील भावना. नवख्या गुंतवणूकदारापुरती ती तपासून पाहणें अवश्य आहे.

निफ्टींत ५० आणि सेन्सेक्समध्यें ३० मोठ्या कंपन्यांचे शेअर मोजले जातात. इंडेक्स फंड तेच शेअर त्याच प्रमाणांत घेऊन ठेवतो. त्यास निवडीचे श्रम नाहींत, म्हणून त्याचा खर्चहि अल्प असतो.

आपल्या गूळबाजाराचें उदाहरण घेऊं. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहुपुरीची पेठ वसविली, तेव्हांपासून येथील गुळाचा व्यापार वाढत गेला. एका हंगामांत सर्व खरेदीदारांनीं मिळून जो गूळ घेतला, त्याचा सरासरी भाव हाच त्या हंगामाचा बाजारभाव. एकानें सरासरीहून स्वस्त घेतला, तर दुसऱ्यानें तो महाग घेतलेला असलाच पाहिजे. आतां प्रत्येकानें आपापल्या पारख्यास निराळें वेतन दिलें, तर तें वेतन वजा जातां सर्वांचा एकत्रित हिशेब तोट्याकडेच झुकणार. शेअरबाजारापुरतें हेंच गणित विल्यम शार्प या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९९१ सालीं मांडून दाखविलें. कांहीं व्यवस्थापक सरासरीच्या पुढें जातील, हें खरें. सर्व मिळून जाऊं शकणार नाहींत.

खर्चाचा आंकडा दिसावयास लहान असतो. समजा, एक लाख रुपये वीस वर्षें ठेवले आणि खर्च वजा जाण्यापूर्वीं दरसाल १२ टक्के वाढ झाली. वार्षिक खर्च ०.२ टक्के असेल, तर शेवटीं सुमारें ९ लाख ३० हजार हातीं येतात, तोच १.७ टक्के असेल, तर सुमारें ७ लाख १० हजार. दीड टक्क्याच्या भेदानें मूळ रकमेच्या दुपटीहून अधिक पैसा गेला. वाढीचा १२ टक्के हा दर केवळ उदाहरणापुरता आहे. वाढ कोणाच्याच हातची नाहीं. खर्च मात्र आधीं ठाऊक असतो.

यावर कोणी म्हणेल, “वर्षानुवर्षें सरस ठरलेला व्यवस्थापकच निवडला तर?” १,०२४ माणसांनीं प्रत्येकीं दहा वेळां नाणें उडविलें, तर त्यांतील एखाद्यास दहाहि वेळां छापा पडणें हें स्वाभाविकच आहे. तेवढ्यावरून त्यास नाणें उडविण्याची विद्या साधली, असें आपण म्हणत नाहीं. किड्यानें लांकूड कुरतडतांना सहज अक्षर उमटावें, यास आपल्याकडे घुणाक्षरन्याय म्हणतात. व्यवस्थापकांत खरे गुणी नसतात असें नव्हे. परंतु खरा लेखक कोणता आणि घुणा कोणता, हें पूर्वींच ओळखण्यास जी दृष्टि लागते, तीच नवख्यापाशीं नसते. मोठ्या कंपन्यांच्या क्षेत्रांत दीर्घकालांत बहुसंख्य फंड निर्देशांकाच्या मागें राहिल्याचें तुलनात्मक अहवालांतून दिसतें. लहान व मध्यम कंपन्यांत चित्र संमिश्र आहे. तेथें अनुभवी माणसानें विचारपूर्वक निवड केल्यास ती अयोग्य नव्हे.

केवळ नांवावर विश्वास ठेवण्याचा परिणामहि आपल्या पिढीनें पाहिला आहे. युनिट ट्रस्टच्या ‘यूएस-६४’ योजनेंत लक्षावधि मध्यमवर्गीयांनीं आपली पुंजी ठेवली होती. युनिटचा भाव मालमत्तेच्या खऱ्या किंमतीशीं बांधलेला नव्हता. अखेरीस जुलै २००१ मध्यें विक्री व फेरखरेदी थांबविण्यांत आली, आणि पुढें सरकारास मदतीस धांवावें लागलें. आज फंडाचें मूल्य रोज जाहीर होतें, तेव्हां तोच दोष आज नाहीं. परंतु नांव पाहून हिशेब न पाहण्याची आपली संवय मात्र गेलेली नाहीं.

तथापि इंडेक्स फंड म्हणजे मुदतठेव नव्हे. २००८ सालीं सेन्सेक्स निम्म्याहून अधिक घसरला. २०२० च्या मार्चांत निफ्टीनेंहि मोठी खोली गांठली. निर्देशांकांत कुजकें फळहि येतें. सत्यम कंपनीचा घोटाळा जानेवारी २००९ मध्यें उघडकीस आला, तेव्हां ती दोन्ही निर्देशांकांत होती. ती लौकरच वगळली गेली. पण झालेला तोटा निर्देशांकानें सोसलाच. म्हणून पांच-सात वर्षांत लागणारा पैसा, मग तो शिक्षणाचा असो वा कार्याचा, येथें ठेवूं नये.

तेव्हां क्रम असा असावा. आधीं सहा महिन्यांच्या घरखर्चाची ठेव व पुरेसा विमा. नंतर विस्तृत निर्देशांकाचा, अल्प खर्चाचा एकच फंड. त्यांत दरमहा ठराविक रक्कम. १ जानेवारी २०१३ पासून दलालीवांचून थेट घेण्याची ‘डायरेक्ट’ योजना उपलब्ध आहे. स्वतः व्यवहार पाहूं शकणाऱ्यानें तीच घ्यावी. घसरणींत हप्ता बंद करूं नये. पांच-दहा वर्षांत एकदोन घसरणी पाहून मन स्थिर राहिलें आणि अभ्यासहि वाढला, म्हणजे मग व्यवस्थापकाच्या फंडाचा विचार अवश्य करावा. व्याकरण पक्कें झाल्यावर काव्याकडे वळावें, त्यांतलाच हा प्रकार आहे. आईबापांनीं मुलांस अमुकच फंड घ्या असें सांगण्यापेक्षां, खर्चाचा आंकडा कोठें पाहावा एवढें शिकविलें, तरी तें मोठेंच देणें होईल.