ही चमक येते कुठून?

गेल्या महिन्यात पुतणीचा साखरपुडा झाला. मेकअपला गावातलीच पार्लरवाली घरी आली होती. तिने एक छोटीशी डबी उघडून पुतणीच्या पापण्यांवर बोट फिरवलं आणि पोरीचे डोळे असे काही लखलखले म्हणता! मी सहज विचारलं, "काय गं असतं यात?" तर म्हणाली, "काकू, शिमर!"

हे नाव झालं, उत्तर नव्हे. चष्मा चढवून डबीच्या मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. त्यात एक शब्द होता, मायका. हिंदीतलं माहेर नव्हे हं, हे आपलं अभ्रक. जुनी इस्त्री दुरुस्तीला नेली की कारागीर आतला पारदर्शक पापुद्रा काढून दाखवायचा ना, तेच. दळून त्याची पूड झाली की लिपस्टिक, नेलपॉलिश, आयशॅडो, इतकंच काय मोटारीच्या रंगातही जाते.

आपल्या देशातलं अभ्रक मुख्यतः झारखंडच्या कोडरमा, गिरिडीह आणि शेजारच्या बिहारमधल्या नवादा या पट्ट्यातून येतं. १९८० चा वनसंवर्धन कायदा आल्यावर जंगलातल्या बऱ्याच खाणी बंद झाल्या. कागदावर बंद, माणसांची पोटं थोडीच बंद होतात? सोडलेल्या खाणींत आणि जुन्या ढिगाऱ्यांत लोक अभ्रकाचे तुकडे वेचत राहिले. तिकडे त्याला 'ढिबरा' म्हणतात. अरुंद बिळातून आत शिरायला लहान अंग बरं, म्हणून मुलं जातात. वरची माती कधी खाली येईल याचा नेम नाही.

२०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या पत्रकारांनी शोध घेतला, तेव्हा अवघ्या दोन महिन्यांत किमान सात मुलं अशी दगावल्याचं उघड झालं. बाहेर मात्र काही कळलं नव्हतं. खाणच बेकायदेशीर, मग तक्रार कुठे करणार? तक्रार केली तर उद्याची चूल बंद. थोडे पैसे हातावर ठेवायचे आणि गप्प बसवायचं, असा सगळा प्रकार. पुढे राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या पाहणीत एकट्या झारखंडच्या या पट्ट्यात साडेचार हजारांवर मुलं शाळेबाहेर आढळली.

हे वाचल्यावर मी आमच्या बचत गटात विषय काढला. एक ताई तावातावाने म्हणाली, "आजपासून शिमर बंद!" टाळ्याही पडल्या. मला मात्र ते पटलं नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी मी काम करते. पहिल्या वर्षी एका आईला मी चांगलं सुनावलं होतं, की लेकराची शाळा बुडवून फडावर कशाला नेतेस? ती शांतपणे म्हणाली, "ताई, मागं ठेवू कुणापाशी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कोडरम्याच्या आईलाही असंच काही म्हणायचं असेल. आपण खरेदी थांबवली, तर तिचं पोर शाळेत जाईल की दुसऱ्या कुठल्या कामाला जुंपलं जाईल?

काही कंपन्या आता प्रयोगशाळेत बनवलेलं कृत्रिम अभ्रक वापरतात. त्यांचे हात स्वच्छ झाले, ठीक आहे. पण त्या गावांचं काय? काही कंपन्यांनी एकत्र येऊन २०१७ मध्ये 'रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह' ही संस्था काढली आणि २०२२ पर्यंत बालमजुरी संपवू म्हणाल्या. २०२२ येऊन गेलं, बालमजुरी काही संपली नाही. कारण साधं आहे. ढिबरा वेचणाऱ्या बाईला किलोमागे जेमतेम काही रुपये मिळतात आणि तोच माल चार हात फिरून आपल्या डबीत शेकडो रुपयांना येतो. तिला रीतसर परवाना, रास्त भाव आणि जवळ शाळा द्या, मग बघा ती पोराला बिळात पाठवते का. सरकारने आणि कंपन्यांनी करायचं ते हे.

आणि आपण? विचारायचं. डबीवर रंगाचा क्रमांक छापतात, मग अभ्रक कुठल्या खाणीतलं हे का छापू नये? त्याच डबीवरच्या ग्राहक क्रमांकावर मी फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, आमचं प्रॉडक्ट त्वचेसाठी एकदम सेफ आहे." मी म्हटलं, "बाळा, मी माझ्या त्वचेबद्दल विचारलंच नाहीये." तिने मला थांबायला सांगितलं, मग बराच वेळ गाणं वाजत राहिलं आणि फोन कट झाला.

पुढच्या सोमवारी गटातल्या सगळ्याजणी मिळून कंपनीला पत्र लिहिणार आहोत. पार्लरवालीही सही करणार आहे. म्हणाली, "काकू, आधी माझं नाव घाला, त्यांचा माल मीच तर विकते."