देवघेवीच्या वहीतील नावे

सेमाडोहच्या परिसरात, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, वाघांची मोजदाद करण्यासाठी जंगलवाटांच्या दुतर्फा कॅमेरे बांधले जातात. वाघाच्या दोन्ही कुशींवरील पट्टे टिपले गेले म्हणजे एकच वाघ दोनदा मोजला जाण्याची भीती उरत नाही. व्यवस्था वाघासाठी असते. परंतु त्याच वाटेने सरपणाला निघालेली कोरकू बाईही तीत टिपली जाऊ शकते. उत्तराखंडातील कॉर्बेट प्रकल्पात अशा कॅमेऱ्यांच्या धाकाने बायकांचे जंगलातील गाणे-बोलणे कमी झाल्याचे केंब्रिज विद्यापीठाच्या एका अभ्यासात २०२४ साली प्रसिद्ध झाले. एकासाठी केलेली नोंद दुसऱ्याच्या वाट्याला येते, ती अशी.

ग्रंथालयाच्या देवघेवीच्या वहीचे याहून निराळे नाही. पुस्तक परत यावे म्हणून ती ठेवायची. पण पुस्तक परत आल्यावरही कोणी काय वाचले हे तीत वर्षानुवर्षे राहते. पूर्वीच्या ग्रंथपालांना हा धोका टाळणारी पद्धत ठाऊक होती. ब्राउन पद्धतीत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटात घालून ठेवीत. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात आणि तिकीट वाचकाच्या हाती. मागे काही उरत नसे. संगणकाने हे विस्मरण हिरावून घेतले. (‘कोहा’ या मोफत संगणकप्रणालीत जुन्या देवघेवीतून वाचकाचे नाव पुसून टाकण्याची सोय आहे, पण सोय असणे आणि ती वापरणे या दोन गोष्टी. मेळघाटातून पुनर्वसनासाठी उठविलेल्या एका गावाचे नावही कोहाच होते, हा योगायोग.)

आपल्याकडे नावांचा हा हव्यास अनुदानातून आला. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार ग्रंथालयांना मान्यता मिळते आणि अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. त्यासाठी तपासणी आली. २०१२ साली तर महसूल यंत्रणेमार्फत राज्यभर पडताळणी झाली आणि कागदावरच चालणारी कित्येक ग्रंथालये उघडी पडली. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणे योग्यच आहे. परंतु हिशेबाला संख्या लागते. महिन्यात किती पुस्तके फिरली हे कळण्यासाठी ती कोणाकडे गेली हे कळण्याची गरज नसते. खोटे सभासद शोधायचे तर वर्गणीच्या पावत्या आणि सभासदांची यादी पुरेशी आहे. त्या यादीला पुस्तकांची नावे जोडण्याचे कारण नाही.

जोडली तर काय होते? २०१९ च्या ऑगस्टमध्ये एल्गार परिषद प्रकरणातील एका जामीनअर्जाच्या सुनावणीत घरी सापडलेल्या पुस्तकांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात निघाला आणि टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’वरून देशभर गदारोळ उडाला. प्रत्यक्षात पुस्तक दुसरेच, विश्वजित रॉय यांनी संपादित केलेले, जंगलमहालाविषयीचे होते. पुढे २८ जुलै २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना, नुसते साहित्य जवळ बाळगणे हा दहशतवादाचा गुन्हा होऊ शकत नाही, असे म्हटले. तोवर त्यांच्या अटकेला जवळजवळ पाच वर्षे होत आली होती. नुसत्या शीर्षकावरून तर्क किती भरकटू शकतो, हे या प्रसंगातून दिसते. आणि देवघेवीच्या वहीत तर शीर्षकांखेरीज दुसरे काहीच नसते.

अमेरिकेत १९७० साली स्फोटकांवरील पुस्तके कोण नेतो, हे विचारीत सरकारी अधिकारी ग्रंथालयांत शिरले. तेथील ग्रंथालय संघटनेने १९७१ च्या जानेवारीतच वाचकांच्या नोंदी गोपनीय असल्याचे धोरण ठरविले. २००५ साली कनेक्टिकटमधील चौघा ग्रंथपालांनी अशा मागणीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि पुढल्या वर्षी सरकारने ती मागणी सोडली. आपल्याकडे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत ठरविला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने काम संपताच माहिती पुसण्याचे बंधनही सांगितले. पण सरकारी यंत्रणा या बंधनातून मुक्त आहेत, आणि हाताने लिहिलेली वही तर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. खेड्यातल्या वाचकाला म्हणून त्याचा उपयोग थोडा.

आणि गरज त्यालाच अधिक. सेमाडोहएवढ्या गावात वनहक्क कायद्याचे पुस्तक कोणी नेले, किंवा कुटुंबनियोजनाचे पुस्तक कोणत्या सुनेने चाळले, ही बातमी पसरण्यास पोलीस लागत नाहीत. टेबलावर उघडी पडलेली वही पुरते. पुनर्वसनाचा प्रश्न ज्या जंगलात सदैव धुमसतो, तेथे वाचणाऱ्याला अशा बातमीची किंमत मोजावी लागू शकते. मग तो पुस्तकच नेत नाही, आणि ग्रंथालयाच्या आकडेवारीत एक वाचक कमी दिसतो, इतकेच.

ग्रंथालय संचालनालयाने एवढे सांगावे, की पुस्तक परत येताच वाचकाचे नाव खोडावे, लेखापरीक्षण झालेल्या जुन्या वह्या नष्ट कराव्यात, आणि न्यायालयाच्या लेखी आदेशाविना चालू नोंद कोणाला दाखवू नये. त्यासाठी नवे अनुदान नको, नवा कर्मचारीही नको. एक परिपत्रक पुरे.