फॉर्मॅट मारण्याआधी जरा वाचा की!

गेल्या शनिवारी सकाळी सांगलीहून काकांचा फोन. "अरे, मशिन गेलं. तो रिपेअरवाला पोरगा म्हणतोय फॉर्मॅट मारावं लागेल, नाहीतर नवीन घ्या. काय करू?"

"काका, त्याला हात लावू देऊ नका. निघालोच मी."

काकांचा छोटासा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल. सगळं काम २०१० साली घेतलेल्या पीसीवर, विंडोज एक्सपीवर, एका जुन्या मराठी डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये चालतं. त्याचा डोंगल पॅरलल पोर्टला लागतो, त्यामुळे नव्या लॅपटॉपचं नाव काढू नका. फॉन्ट युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले, म्हणजे फाईल दुसरीकडे उघडली की गणपतीच्या नावाच्या जागी नुसतं चिन्हांचं कडबोळं. सॉफ्टवेअरची सीडी ओरखडे पडून कधीच बाद झालेली. जुनी हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली म्हणून त्या पोराने तिची हुबेहूब नक्कल एसएसडीवर घेतली (हे काम त्याने चांगलं केलं, श्रेय देतो) आणि त्यानंतर जुनी डिस्क कायमची गप्प झाली. म्हणजे १५ वर्षांचं काम आता एकाच ठिकाणी, आणि तिथेच हा फॉर्मॅट मारायला निघालेला!

बॅकअप का नव्हता, असं काकांना विचारू नका, मला विचारा. इंजिनिअर पुतण्या चार दिवाळ्या नुसता फराळ करून परत आला.

असो. एक्सपीचा लोगो यायचा, निळा स्क्रीन क्षणभर चमकायचा आणि मशिन रीस्टार्ट. पोराने निदान केलं, "विंडोज करप्ट." अरे बाबा, त्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचलंस का? सुरू होताना एफ-८ दाबलं की आपोआप रीस्टार्ट बंद करायचा पर्याय मिळतो. तो निवडला आणि स्क्रीन थांबला. खाली स्टॉप कोड, शेवटी ७बी. अर्थ सरळ आहे : ज्या डिस्कवरून मी सुरू होतोय, तीच मला दिसत नाहीये. वर मजकुरातसुद्धा व्हायरसच्या सल्ल्यानंतर नवीन बसवलेली डिस्क आणि कंट्रोलर तपासा असंच लिहिलेलं असतं.

आता जरा डोकं चालवा. डिस्क दिसत नाही, मग लोगो आला कुठून? एक्सपीचा बूटलोडर डिस्क वाचायला बायोसची मदत घेतो, तिथवर सगळं ठीक. मग कर्नल सूत्रं हातात घेतो आणि स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क शोधतो. एक्सपी आला २००१ साली, त्यात एएचसीआयचा ड्रायव्हर मुळात नाहीच. एक्सपी इन्स्टॉल करताना एफ-६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यायचे, आठवतंय? इथे पोराने कुठल्यातरी व्हिडिओत बघून, एसएसडीला एएचसीआय लागतंच म्हणून बायोसमधली सेटिंग बदलली होती. मी ती परत आयडीईवर नेली. मशिन सुरू. तीन मिनिटं!

आयडीईमुळे एसएसडी जरा हळू चालते, मान्य. पण पत्रिका जुळवायला काय फरक पडतो? खरा फायदा फिरणारी तबकडी गेल्याचा, तो मिळालाच. एएचसीआय हवंच असेल तर आधी ड्रायव्हर घाला, मग सेटिंग बदला. उलटं नाही.

माझा राग त्या पोरावर नाहीये. त्याला फॉर्मॅटचे पैसे मिळतात, एरर वाचण्याचे कोण देतं? राग आपल्यावर आहे. आपण तरी वेगळं काय करतो? सर्व्हर रुसला की लॉग न बघता नवीन इमेज टाकतो आणि त्याला सोल्यूशन म्हणतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला तेव्हाही ऑफिसात हेच, जुनं आहे ना, फेका आणि नवीन घ्या. मशिनवर काय आहे आणि ते दुसरीकडे चालेल का, हे विचारायची कुणाला फुरसत?

आता काही जण म्हणतील, एक्सपी २०२६मध्ये? वेडा आहेस का? एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ला संपला, मला माहीत आहे. २०१७च्या वॉनाक्रायच्या वेळी एक्सपीसाठी खास पॅच काढावा लागला होता, तेही माहीत आहे. म्हणूनच त्या मशिनची नेटवर्कची वायर काढून टाकली. ते फक्त पानं जुळवतं आणि प्रिंट देतं. मेल बघायला काकांकडे मोबाईल आहे. हळूहळू मजकूर युनिकोडमध्ये आणायचाच आहे, पण तो काकांच्या सवडीने, ऐन लग्नसराईत कुणी फॉर्मॅट मारला म्हणून नव्हे.

रविवारी दुपारी पूर्ण डिस्कच्या दोन इमेज घेतल्या. एक काकांच्या कपाटात, पावतीपुस्तकांच्या मागे. दुसरी माझ्याबरोबर पुण्याला आली. तो पोरगा चहाला थांबला होता, त्याला एफ-८ दाखवलं. म्हणाला, "हे कुणी सांगितलंच नव्हतं, दादा."