डोक्यावरचे पाणी

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुटुंबासह कोणत्या वॉटर पार्कला जावे, हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय आहे, असे माझ्या विद्यार्थी मित्रांना वाटेल. गेल्या वर्षापर्यंत मलाही तसेच वाटत होते. वर्गातील एका चर्चेत मीच तावातावाने म्हणालो होतो की, ज्या भागात मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, तेथील माणसाने तिकीट काढून पाण्यात डुंबणे हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. टाळ्या मिळाल्या. ते विधान आज मी परत घेत आहे.

आमचे घर चामोर्शी तालुक्यात. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. मे महिन्यात आमच्याकडे सुट्टी नसते, तेंदूपत्ता असतो. पहाटे अंधारात जंगलात जायचे, वाघाची धास्ती मनात ठेवून पाने तोडायची, घरी आणून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर द्यायचे. यंदा तेंदूचे पैसे हाती आल्यावर धाकट्या बहिणीने वॉटर पार्कचे नाव काढले. मी वर्गातले भाषण घरी पुन्हा म्हटले. बाबा गप्प राहिले. माय मात्र म्हणाली, "बाबू, जलमभर डोक्यावर पानी वायलं. एक डाव पान्यात बसून पाहीन म्हनते."

या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आपल्याकडे पाणी नाही काय, असे कोणी विचारील. वैनगंगा आहे, मार्कंड्याचा घाट आहे, घोडाझरीसारखे तलाव आहेत. परंतु उन्हाळ्यात नदीचे पात्र आटते आणि डोह तेवढे उरतात. ते किती खोल, हे वरून कळत नाही. तेथे दोर घेऊन उभा राहणारा कोणी नसतो. ताडोब्याच्या तळ्यात तर मगरी आहेत. शिवाय घाटावर पुरुष मनसोक्त पोहतात आणि बायका धुणे घेऊन बसतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. मायचे अर्धे आयुष्य नदीकाठी गेले, पण तिला पोहता येत नाही.

राहिला नासाडीचा प्रश्न. तो खोटा नाही. अशा ठिकाणचे पाणी वाळूच्या गाळणीतून काढून, क्लोरीन घालून पुन्हा पुन्हा वापरतात, हे मला नंतर कळले. तरीही उन्हाने, उडून सांडण्याने आणि गाळणी धुण्याने पाणी जातेच. ते पाणी कोठून आणता, हे विचारण्याचा ग्राहकाला हक्क आहे. अमेरिकेतील ऑरलँडो येथे १९७७ साली निघालेली ही कल्पना १९९८ मध्ये मुंबईच्या गोराईत मोठ्या स्वरूपात आली आणि आता नागपूरच्या आसपासही पोचली आहे. २०१९ च्या मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४८ अंशांपर्यंत चढला होता. अशा उन्हात गारव्याची इच्छा धरणे ही चैन नव्हे.

तेव्हा निवड कशी करावी? घसरगुंड्या किती उंच, हे आम्ही शेवटी विचारले. आधी फोन करून विचारले ते असे : जीवरक्षक किती आहेत? म्हाताऱ्या माणसांना सावली आहे काय? घरची भाकरी आत नेता येते काय? आणि साडी चालते काय? शेवटच्या प्रश्नाला सर्वत्र नकार मिळाला. कारणही पटले. सुटा पदर घसरगुंडीत अडकू शकतो आणि सुती कापडाचे धागे गाळणीत जातात. पण भाड्याने मिळणारा आखूड पोशाख ऐकून माय म्हणाली, "तुमी जा, मी काठावर बसतो." काठावर तर ती आजवर बसलीच आहे! मग आम्ही जाऊन उपयोग काय? बहिणीने पुन्हा विचारले, "पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा सलवार-कुर्ता चालेल काय?" एका ठिकाणी होकार मिळाला. गावच्या शिंप्याने तो शिवला आणि आमची निवड झाली.

लाटांच्या हौदात, जेथे पाणी घोट्याएवढे असते तेथे, माय दोन तास बसून होती. लाट आली की ती लहान मुलीसारखी हसे. तिला असे हसताना मी पूर्वी पाहिले नव्हते. बाबा मात्र पायजमा वर करून चपला सांभाळत उभे!

माझे म्हणणे एवढेच. या आनंदासाठी आमच्यासारख्यांना एस. टी.ने दीडशे किलोमीटरहून अधिक का जावे लागावे? प्रत्येक तालुक्याच्या गावी एक साधा, उथळ, जीवरक्षक असलेला पोहण्याचा तलाव का नसावा? त्यात आठवड्यातून काही तास केवळ स्त्रियांसाठी राखून ठेवावेत. उद्या आपल्यापैकी कोणी नगरपंचायतीत निवडून गेला, तर त्याने ही मागणी विसरू नये. आणि तोवर वॉटर पार्कला जाणाऱ्या शेजाऱ्याला हसण्यापूर्वी, त्याच्या घरी पाणी कोण भरते, एवढे तरी विचारावे.