दुकानाची सेवा कशाने मोजावी?

मृग नक्षत्र लागले की यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून उमरखेडपर्यंत प्रत्येक तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रांपुढे शेतकऱ्यांची दाटी होते. कपाशीचे व सोयाबीनचे बियाणे, खताच्या पिशव्या, तणनाशकाचे डबे यांची खरेदी थोड्या दिवसांत उरकावी लागते. वर्षाच्या उत्पन्नाचा पाया या खरेदीत घातला जात असल्यामुळे ती कोणत्या दुकानातून करावी, हा प्रश्न किरकोळ मानता येत नाही. ओळखीचे स्थानिक दुकान बरे, की मोठ्या कंपनीचे, ठिकठिकाणी शाखा असलेले दुकान बरे, असा वाद शेतकऱ्यांत नेहमी चालतो. त्याचा निर्णय करण्यापूर्वी सेवा कशास म्हणावे, हे ठरविणे आवश्यक आहे.

स्थानिक दुकानदाराचा मोठा गुण ओळख हा होय. कोणाची जमीन भारी, कोणाची बरड, ओलिताची सोय कोणास आहे, हे त्यास ठाऊक असते. तातडीची गरज पडली तर तो अवेळीही दार उघडतो. बियाणे उगवले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्यास त्याच गिऱ्हाइकास तोंड द्यावयाचे असते. मुख्य म्हणजे कापूस विकला जाईपर्यंत तो पैशांसाठी थांबतो.

कंपनीच्या दुकानाचे गुण निराळे. तेथे दर लिहिलेला असतो, पावती न मागता मिळते आणि लहान-मोठ्या खातेदारास एकच भाव लागतो. डीसीएम श्रीराम या उद्योगसमूहाने २००२ साली ‘हरियाली किसान बाजार’ ही दुकानांची साखळी सुरू केली. आयटीसी कंपनीने २००४ साली मध्य प्रदेशात सिहोरजवळ पहिले ‘चौपाल सागर’ उघडले व पुढे विदर्भातही अशी दालने काढली. शेतमालाची विक्री व शेतीस लागणाऱ्या मालाची खरेदी एकाच आवारात व्हावी, ही कल्पना चांगली होती. परंतु हरियालीचा व्यवसाय परवडेनासा झाला, तेव्हा २०१३ च्या सुमारास कंपनीने तो आवरता घेतला. नफा-तोटा पाहून उघडलेले दुकान नफा-तोटा पाहूनच बंद होते. त्यात गैर काही नाही. पण घाटंजी किंवा झरी जामणीच्या आडगावातील शेतकऱ्याने अशा दुकानावर सर्वस्वी विसंबून चालणार नाही.

यावरून स्थानिक दुकानाचे पारडे जड वाटेल. तथापि त्याच्या ज्या सेवेची सर्वाधिक वाखाणणी होते, ती उधारीच नीट पारखून घेतली पाहिजे. उधारीची किंमत केवळ व्याजात मोजता येत नाही. ज्याच्या वहीत नाव चढले, त्याचे दुकान सोडून अन्यत्र जाता येत नाही. एक वाण मागावयास गेलेला शेतकरी दुकानदार देईल ते वाण घेऊन परततो. त्यास दर विचारण्याचा संकोच वाटतो; पावती मागण्याचा त्याहून अधिक. कित्येकदा युरियाच्या पिशवीबरोबर नको असलेला मालही गळ्यात मारला जातो. बाजारात या प्रकारास ‘लिंकिंग’ म्हणतात. रोखीचा गिऱ्हाईक ‘नको’ म्हणू शकतो, उधारीच्या गिऱ्हाइकास ते जड जाते. सर्वच दुकानदार असे वागतात, असे मुळीच नाही. परंतु जेथे गिऱ्हाइकास प्रश्न विचारण्याची सोय उरत नाही, तेथे प्रामाणिक सल्ला व खपाचा सल्ला यांतील भेद कळेनासा होतो.

हा भेद न कळण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे या जिल्ह्यास सांगावयास नको. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. माणसाच्या डोक्यावर गेलेली पऱ्हाटी, दमट व उष्ण हवा, संरक्षक कपड्यांचा अभाव, एकाच पंपात अनेक औषधांचे मिश्रण, अशी अनेक कारणे पुढे आली. राज्य शासनाने त्या वर्षी विशेष तपासणी पथक नेमले आणि यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांच्या विक्रीस ६० दिवसांची बंदी केली. कोणते औषध कशात मिसळावे, हे पुष्कळ शेतकरी दुकानातच विचारतात. म्हणून तेथे तोंडी दिलेला सल्ला हाही मालाइतकाच महत्त्वाचा आहे. आणि माल बदलून मिळतो, जीव मिळत नाही.

उधारी व निकृष्ट माल यांची सांगड जुनी आहे. इंग्लंडमधील रॉचडेल या गिरणगावात १८४४ साली २८ कामकऱ्यांनी सहकारी दुकान काढले. उधारीने बांधलेल्या गरीब गिऱ्हाइकास भेसळीचा माल व खोटे माप निमूट पत्करावे लागे, हे त्यांनी अनुभवले होते. म्हणून रोखीचा व्यवहार, शुद्ध माल आणि पुरे माप हे नियम त्यांनी घालून घेतले. त्यांचे दुकान लहान व स्थानिकच होते. मात्र त्यातील गिऱ्हाईक मिंधे नव्हते.

आज कायदाही शेतकऱ्याच्या बाजूने आहे. बियाणे नियंत्रण आदेश १९८३ व खत नियंत्रण आदेश १९८५ यांनी साठा व दर यांचा फलक लावण्याचे आणि पावती देण्याचे बंधन विक्रेत्यावर घातले. कीटकनाशकांनाही पावतीचा नियम आहे. रोखीप्रमाणे उधारीच्या विक्रीचीही पावती द्यावी लागते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. बियाणे उगवले नाही, तर पावती, पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी व थोडे शिल्लक बियाणे यांच्या आधारेच तालुका तक्रार निवारण समितीपुढे किंवा ग्राहक आयोगापुढे दाद मागता येते.

उधारीचा पाश सैल करण्याचा मार्ग पीककर्जाचा आहे. केंद्राची व्याज सवलत व राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना यांमुळे ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज वेळेवर फेडणाऱ्यास बिनव्याजी पडते. ते पेरणीपूर्वी हाती आले, तर शेतकरी दुकानात मान वर करून उभा राहू शकतो. थकबाकीदारास हा मार्ग बंद असतो, हे खरे. त्याने निदान पावतीचा आग्रह सोडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी शेतकऱ्यांची बैठक घेऊन तीन गोष्टी कराव्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने शिफारस केलेल्या वाणांची व औषधांची यादी वाचून दाखवावी. औषधाच्या डब्यावरील त्रिकोणाचा अर्थ समजवावा : लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा व हिरवा. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे, हे दुकानदारांनाही पटवून द्यावे. हैदराबादच्या राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ साली विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. तो पूर्ण करण्यास त्यांना प्रवृत्त करावे.

ओळख ठेवणारा, दर लिहिणारा, पावती देणारा आणि ठाऊक नसेल तेथे ‘कृषी अधिकाऱ्यास विचारा’ म्हणणारा स्थानिक दुकानदार कोणत्याही मोठ्या दालनापेक्षा गावास अधिक उपयोगी आहे. दुकान लहान की मोठे, हे गौण. ज्या दुकानात शेतकऱ्यास निःसंकोच ‘हे नको’ म्हणता येते, तेथेच त्याची खरी सेवा होते, असे समजावे.