घरदुरुस्ती कारागिरांचे निवेदन : काम लेखी ठरावे, मजुरी अडू नये

प्रति,
मा. अपर कामगार आयुक्त,
पुणे

विषय : राहत्या घरांत दुरुस्तीची कामे करणाऱ्या कारागिरांची अडवली जाणारी मजुरी आणि लेखी करारपत्राची मागणी.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे रंगारी, फरशीवाले, प्लंबर, सुतार आणि वॉटरप्रूफिंगवाले कोथरूडपासून हडपसरपर्यंत लोकांच्या घरांत काम करतो. बिल्डरच्या साइटवर मुकादम असतो, हजेरी लागते. आमचे काम चहा पिता पिता तोंडी ठरते आणि शेवटचा हप्ता द्यायची वेळ आली की काय ठरले होते यावरून वाद होतो.

बहुतेक घरमालक पैसे वेळेवर देतात. जे देत नाहीत त्यांच्यापुढे आमचे काय होते, ते एका कामावरून सांगतो. आमच्यातल्या एका रंगाऱ्याने फ्लॅटचे काम नुसत्या मजुरीवर घेतले. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचे पाणी झिरपून बेडरूमच्या भिंतीला ओल आली होती. ओल थांबल्याशिवाय पुट्टी धरणार नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी सांगितले. घरी कार्य होते म्हणून मालकांनी तरीही रंग लावून घेतला. टचिंग झाल्यावर देतो म्हणून १८,००० रुपये राहिले होते. महिन्याभरात पापुद्रे सुटले, पैसे बुडाले आणि शिडी व ड्रिल मशीनही अडकवून ठेवले गेले. हाताखालच्या दोन पोरांची मजुरी त्याने बायकोचे डोरले गहाण ठेवून भागवली. ओलीबद्दल आधीच बजावले होते, याचा त्याच्याकडे कागद नव्हता.

असे वाद रोजचे आहेत. रात्री ट्यूबलाइटखाली शेडकार्डावर निवडलेला रंग दिवसा भिंतीवर वेगळा दिसतो. जुनी फरशी उचकटल्यावर खालचा गंजलेला पाइप गळू लागतो आणि तो प्लंबरनेच फोडला असे ठरते. ‘आलाच आहात तर एवढे करून द्या’ म्हणून सांगितलेल्या कामांत दोन-दोन दिवस जातात. घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की सगळ्यांत आधी आमच्या पिशव्या उघडल्या जातात. पैसे बुडण्यापेक्षा हे जास्त लागते.

आमच्यातलेही काही जण उचल घेऊन दुसऱ्या कामावर निघून जातात, हे आम्ही लपवत नाही. म्हणूनच दोन्ही बाजूंना बांधणारा कागद हवा आहे.

काम बिघडले तर घरमालकाला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. आमच्यासाठी दिवाणी दावा आहे, त्याला तीन वर्षांची मुदतही आहे; पण १८,००० रुपयांसाठी वकील कसा लावायचा आणि रोज बुडवून तारखांना कोणी जायचे? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्तीचे काम बांधकामात धरले होते, पण स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम करून घेणाऱ्याला वगळले होते. घरमालक कारखानदार नव्हे, हे आम्हालाही पटते. मात्र मग आम्ही दाद कोणाकडे मागायची, हे शासनाने सांगितले पाहिजे.

आमची मुख्य मागणी एका पानाच्या, सोप्या मराठीतल्या नमुना करारपत्राची आहे. कामाचे मोजमाप, माल कोणाचा, रंगाचे हात किती आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती, हे त्यात असावे. ओल, तडे, जुने पाइप असे आधीचे दोष फोटोसह नोंदवावेत. वाढीव काम दरासह लिहून दोघांच्या सह्या झाल्यावरच सुरू व्हावे. वाद झाला तरी हत्यारे अडकवू नयेत, असे कलम त्यात हवेच.

मजुरीच्या तक्रारींसाठी आपल्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस दोन्ही बाजूंना बोलावून तडजोड घडवावी. तिथे मिटले नाही तर प्रकरण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत दाखलपूर्व म्हणून लोकअदालतीत पाठवावे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातील नोंदणीसाठी वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. आठ-दहा दिवसांत घर बदलणाऱ्याला तो कोण देणार? सही केलेली करारपत्रे त्यासाठी पुरावा धरावीत. सोसायट्यांनी कारागिरांना लिफ्ट, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह नाकारू नये, असे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांमार्फत कळवावे, हीही विनंती.

करारपत्राचा कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. चर्चेसाठी सकाळी नऊच्या आधीची किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ मिळाल्यास आमच्यापैकी कोणाचा रोज बुडणार नाही.

आपले विश्वासू,
घरदुरुस्ती कारागीर, पुणे
(सह्यांची यादी सोबत)