भिजलेल्या नोटा



गेल्या पावसाळ्यात मानपाड्यातल्या आमच्या बचत गटाच्या बैठकीत वाद झाला. एका ताईंनी तीन महिने हप्ता भरला नव्हता आणि नेमके तेव्हाच त्यांनी सोन्याचे चार मणी केले होते. ‘उधळी’ असा शिक्का बसायला वेळ लागला नाही. माझ्याही मनात तोच शब्द आला होता, हे कबूल करते.

शेवटी त्या बोलल्या. २६ जुलै २००५ ला नाल्याकाठच्या त्यांच्या खोलीत पाणी शिरलं. तांदळाच्या डब्यात तळाशी जपलेल्या नोटांचा लगदा झाला. “गळ्यातलं तेवढं वाचलं. तेव्हापासून कागदावर माझा विश्वास नाही.” पासबुक हाही त्यांच्या लेखी कागदच.

त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ठाणे-कल्याण पट्टाही बुडाला. मी तेव्हा शाळेत होते. पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात, भिंती, भांडी, धान्य लिहून घेतलं जातं. पण बाईने घरच्यांच्या नकळत साठवलेल्या पैशांचा पंचनामा होत नाही. तिला तो सांगण्याचीच सोय नसते! नवऱ्यासमोर काय सांगणार?

त्याच गल्लीतल्या दुसऱ्या एक ताई उलट वागतात. पै-पै गाठीला बांधतात, स्वतःचं औषधही आणत नाहीत. तिचं आपण कौतुक करतो, हिला बोल लावतो. दोघींच्या पोटात भीती मात्र एकच. इंडोनेशियात पूर-भूकंप सोसलेली माणसं जोखीम टाळू लागल्याचं अभ्यासकांना दिसलं, तर श्रीलंकेत त्सुनामीची झळ बसलेली माणसं पैशासाठी थांबायला अधिक तयार दिसली. तेव्हा ‘आपत्तीनंतर बायका अशाच वागतात’ असं ठोकून देऊ नये.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ने लातूर-उस्मानाबादच्या गावांमध्ये बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून घरबांधणीच्या कामात आणलं. पुढे तिथे बचत गट उभे राहिले. घर कसं बांधायचं यात जिला बोलता आलं, ती पैशांबद्दलही बोलू लागली, असं मला वाटतं. आपण मात्र आधी हप्ता मागतो आणि दंडाची वही उघडतो.

त्या बैठकीत दंड रद्द केला. जून ते सप्टेंबर हप्ता कमी ठेवायचा, आणि थोडी रक्कम त्याच दिवशी, नवऱ्याच्या सहीशिवाय कर्जाऊ मिळेल अशी बाजूला काढायची, असं ठरलं. दोघींनी विरोध केला. त्यांचं म्हणणं अजून मिटलेलं नाही.

उठता उठता त्या ताईंनी विचारलं, “बँकेत पाणी शिरलं तर?” हिशेब एकाच शाखेतल्या वहीत नसतो, पासबुक भिजलं तर नवीन मिळतं, असं मी सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही.